घरभाड्याचा कायदा : छप्पर कोणाचे, कागद कोणाचा?

(देऊळगाव राजा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



देऊळगाव राजा हे वऱ्हाडच्या कडेचे गाव आहे. येथून तीसएक किलोमीटरवर जालना. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते आणि देऊळगाव राजा इंग्रजी अमलाखालच्या वऱ्हाडात. बुलढाणा जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, मलकापूरच्या पलीकडे, जळगाव जिल्हा लागतो. तो मुंबई इलाख्याचा भाग होता. म्हणजे या एका जिल्ह्याच्या शिवांवर तीन राजवटींचे कायदे एकमेकांना भिडत होते. पुढे राजवटी गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे तिन्ही मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. तरीही एका बाबतीत जुन्या सीमा तशाच राहिल्या. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला कोणत्या कारणासाठी, कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या मार्गाने घराबाहेर काढता येईल, याचे उत्तर जालन्यात एक, देऊळगाव राजात दुसरे आणि जळगावात तिसरे होते. ही स्थिती ३१ मार्च २००० पर्यंत टिकली. भाषेच्या पायावर एक राज्य व्हावे म्हणून ज्या जनतेने हुतात्मे दिले, त्या जनतेतील भाडेकरूला आणि घरमालकाला एक कायदा मिळण्यास एकत्र आल्यानंतरही त्रेचाळीस वर्षे लागली.

घरभाड्याचा प्रश्न हा मुंबई-पुण्याच्या चाळींचा प्रश्न आहे, अशी समजूत चळवळीतही खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः तालुक्याच्या गावात तो तितकाच जिवंत आहे. बदलीवर आलेला शिक्षक, एस.टी.चा वाहक, दवाखान्यातील परिचारिका, बाजारपेठेत टपरीवजा दुकान चालवणारा कारागीर, मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून येऊन दोन खोल्या घेणारे शेतकरी कुटुंब, ही सारी भाडेकरू माणसे आहेत. आणि ज्यांच्या खोल्यांत ती राहतात ते मालकही बहुधा चाळींचे धनी नसतात. बापजाद्यांच्या वाड्याचे दोन खण, नाहीतर निवृत्तीच्या पैशातून बांधलेले एक घर, एवढीच त्यांची मालमत्ता. अशा गावात कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे तपासल्यावाचून घरभाड्याविषयी कोणतीही भूमिका घेणे म्हणजे घोषणेवर समाधान मानणे होय.

तीन कायदे, एक राज्य

मुंबई इलाख्याचा कायदा १९४७ सालचा. युद्धकाळात शहरांत माणसे लोटली, घरे कमी पडली, भाडी भडकली. त्यावर उपाय म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे मानावे, असे त्याने ठरवले. हा कायदा मुळात ठरावीक मुदतीचा होता. परंतु घरटंचाई मुदतीत संपली नाही आणि कायद्याला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत गेली. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा लागू होता. तेथे मालकाने थेट भाडेनियंत्रकाकडे अर्ज करावयाचा आणि घर खाली करण्याचा हुकूम नियंत्रकानेच द्यावयाचा, अशी पद्धत होती.

वऱ्हाड आणि नागपूरचा मार्ग या दोहोंहून निराळा. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४६ च्या अधिनियमाखाली १९४९ साली ‘घरे भाड्याने देण्याबाबत व भाडेनियंत्रणाबाबत आदेश’ निघाला. त्याचे वैशिष्ट्य तेराव्या खंडात होते. नियंत्रकाची लेखी परवानगी घेतल्याखेरीज मालकाला भाडेकरूस घर सोडण्याची नोटीससुद्धा देता येत नसे. परवानगी कोणत्या कारणांसाठी मागता येईल, हेही आदेशाने बांधून दिले होते : भाड्याची थकबाकी, पोटभाडेकरू ठेवणे, घराची नासधूस, शेजाऱ्यांना उपद्रव, घराची अत्यावश्यक दुरुस्ती, आणि मालकाची स्वतःची खरीखुरी गरज. गरजेच्या कारणालाही अट होती. त्याच गावात मालक स्वतःचे दुसरे घर वापरत असता कामा नये. परवानगी मिळाली तरी काम संपत नसे. त्यानंतर नोटीस, आणि नोटिशीनंतर दिवाणी दावा.

या दुहेरी दरवाजाने भाडेकरूला श्वास घेण्यास वेळ दिला, हे मान्य केले पाहिजे. दिवाणी न्यायालयाच्या पायरीपूर्वी एका अधिकाऱ्यापुढे आपली बाजू मांडण्याची संधी त्याला मिळे. परंतु याच दरवाजाने प्रामाणिक मालकाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले. नियंत्रकाकडे अर्ज, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, मग दावा, दाव्यावर पुन्हा अपील. ज्याच्यापाशी वकिलाला देण्यास पैसा आणि वाट पाहण्यास दुसरे घर होते तो टिकला. ज्याच्यापाशी दोन्ही नव्हते त्याने एकतर आशा सोडली, नाहीतर भाडेकरूला हातावर रक्कम देऊन घर सोडवून घेतले.

आदेशात आणखी एक तरतूद होती. घर रिकामे झाले की सात दिवसांच्या आत मालकाने त्याची खबर सरकारला द्यावयाची आणि जिल्हाधिकाऱ्यांना ते घर सरकारी नोकर किंवा विस्थापित यांच्यासाठी नेमून देता यावयाचे. तत्त्व उदात्त होते : घर ही समाजाच्या गरजेची वस्तू आहे, रिकामे घर ही खासगी चैन नव्हे. पण गरज समाजाची आणि घर मात्र दुसऱ्याचे, अशी ती व्यवस्था होती. सरकारने आपल्या नोकरांसाठी स्वतः घरे बांधण्याऐवजी गावातील घरमालकाच्या रिकाम्या खोलीवर हात ठेवला. पुढे जे घडत गेले त्याचे बीज येथे आहे.

दुर्बळ कोण?

समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात एक चित्र पक्के असते. मालक धनवान आणि भाडेकरू दुर्बळ. गिरणगावातील खोल्यांबाबत हे चित्र खरे होते आणि आजही असंख्य भाडेकरूंबाबत ते खरे आहे. परंतु चित्र आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडले तर चित्र बदलावे लागते.

समजा, एका तालुक्याच्या गावी मुख्य बाजारपेठेत एक गाळा आहे. मालक वारला, मागे त्याची विधवा पत्नी आहे. गाळ्यातील व्यापाऱ्याच्या वडिलांनी तो पन्नास वर्षांपूर्वी घेतला. व्यापाऱ्याने आज स्वतःचे दुमजली घर बांधले आहे, त्याची मोटार दारात उभी असते, आणि गाळ्याचे भाडे महिना पन्नास रुपये आहे. १९९९ च्या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ घेण्याचा अधिकार दिला. पन्नास रुपयांवर ४ टक्के म्हणजे दोन रुपये. एवढ्यात आज एक कप चहाही मिळत नाही. आता त्याच गावातील दुसरे घर पाहा. तेथे एक बांधकाम मजूर पत्र्याच्या एका खोलीत राहतो. भाडे तोंडी ठरले आहे, पावती नाही. मालकाने सकाळी सांगितले तर संध्याकाळी त्याला बोचके उचलावे लागते. कायद्याच्या भाषेत हे दोघेही भाडेकरूच. पण कायद्याचे छत्र ज्याच्या डोक्यावर खरोखर उघडले आहे तो पहिला आहे, दुसरा नाही.

ही विसंगती न्यायालयांच्याही नजरेतून सुटली नाही. १९९७ च्या डिसेंबरमध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले की मुंबई कायद्यातील प्रमाण भाडे गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्या आहेत. जे १९४७ साली न्याय्य होते ते पन्नास वर्षांनी तसेच न्याय्य राहील असे नव्हे, हा त्याचा मथितार्थ. कायद्याची मुदत संपत आली होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून न्यायालयाने तरतुदी रद्द केल्या नाहीत.

गोठलेल्या भाड्याचा पहिला बळी भाडेकरूच असतो, हेही मुंबईने दाखवून दिले. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघत नाही म्हणून मालकाने हात झटकले, इमारती जीर्ण झाल्या, पावसाळ्यात कोसळू लागल्या. अखेर १९६९ मध्ये राज्याला दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला आणि उपकर लावून दुरुस्ती सरकारी यंत्रणेकडे घ्यावी लागली. तालुक्याच्या गावांना असे मंडळ कधी मिळाले नाही. मातीच्या भिंतींचा, धाब्याच्या छपराचा जुना वाडा खचतो तेव्हा मालक म्हणतो, भाडे पुरत नाही. भाडेकरू म्हणतो, दुरुस्ती मालकाची. नगर परिषदेची धोक्याची नोटीस आली की दोघेही घाबरतात, पण निरनिराळ्या कारणांनी. मालकाला भिंत पडण्याची भीती, आणि भाडेकरूला एकदा बाहेर पडल्यावर परत येता न येण्याची. दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी झाल्यावर त्याच जागी परत येण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. त्यासाठी आपली इच्छा मालकास वेळेत लेखी कळवावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकांचा हक्क भिंतीबरोबरच गाडला जातो.

कागद : ढाल आणि तलवार

३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि तिन्ही जुने कायदे मिटले. वऱ्हाडातील नियंत्रकाचा पहिला दरवाजा बंद झाला; घरभाड्याचे दावे आता थेट दिवाणी न्यायालयात चालतात. जेथे प्रमाण भाडे पूर्वी ठरलेले नव्हते तेथे १ ऑक्टोबर १९८७ चे भाडे पाया म्हणून धरले गेले आणि त्यात ५ टक्के वाढ दिली गेली. पूर्वी मुंबई कायद्यात जी पागडी घेणे हा गुन्हा होता, ती छप्पन्नाव्या कलमाने कायदेशीर झाली. ज्या कंपन्यांचे भरणा झालेले भांडवल १ कोटी रुपये किंवा अधिक आहे त्यांना, तसेच बँका, सार्वजनिक उपक्रम आणि बहुराष्ट्रीय कंपन्या यांना दिलेल्या जागा कायद्याच्या संरक्षणातून वगळण्यात आल्या.

हे शेवटचे कलम कार्यकर्त्यांनी लक्षपूर्वक वाचावे. भाडेकरू नेहमीच दुर्बळ असतो असे नाही, हे विधिमंडळाने येथे मान्य केले आणि कुवतीची एक रेघ ओढली. मग हीच रेघ दुसऱ्या बाजूस का ओढली नाही? दहा इमारतींचा धनी आणि दोन खोल्यांची मालकीण विधवा यांच्यात कायदा भेद करीत नाही. एक कोटीचा भाडेकरू वेगळा काढता येतो, तर एका घराची मालकीणही वेगळी काढता आली पाहिजे.

पण आजच्या भाडेकरूच्या दृष्टीने या कायद्याचा कणा आहे तो पंचावन्नाव्या आणि चोविसाव्या कलमात. पंचावन्नावे कलम सांगते की घर भाड्याने देण्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृत असला पाहिजे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा बाजारातला समज येथे चालत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती पार पाडली नाही तर करारातील अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते; ते खोटे आहे हे दुसऱ्याने सिद्ध करावयाचे. शिवाय कसूर करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कागद नसलेल्या माणसाच्या शब्दाला कायद्याने वजन द्यावे, ही गोष्ट आपल्याकडे विरळाच घडते. ही तरतूद भाडेकरूची ढाल आहे.

आता चोविसावे कलम पाहा. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच परत घेण्याचा मालकाला हक्क आहे. त्यासाठी नेहमीच्या न्यायालयात जावयाचे नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा. राहणाऱ्याला आपली बाजू मांडण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर राहिला तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई. आणि लेखी करारात जे नमूद असेल तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे ‘भाडे’ या शब्दाच्या जागी ‘लायसन्स’ हा शब्द बसला की तोच माणूस, तीच खोली, तीच दरमहा रक्कम, पण तो भाडेकरू राहत नाही. भाडेकरूच्या मागे घर खाली करून घेण्यासाठी मालकाला कारण द्यावे लागते. लायसन्सवर राहणाऱ्याच्या बाबतीत दिनदर्शिका पुरते.

लायसन्सची ही पळवाट जुनी आहे. मुंबईत मालकांनी ती इतकी वापरली की १९७३ मध्ये विधिमंडळाला मुंबई कायद्यात दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहत असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचा दर्जा द्यावा लागला. ती दुरुस्ती मुंबई कायद्याची होती. वऱ्हाडाला तिचा स्पर्श झाला नाही. त्यानंतर लायसन्सधारकाला पुन्हा असे संरक्षण देण्याऐवजी १९९९ च्या कायद्याने लायसन्सलाच पक्का रस्ता करून दिला.

मालकाची बाजू येथेही ऐकली पाहिजे. घर एकदा दिले की पिढ्यान्‌पिढ्या परत येत नाही, या भीतीने गावोगाव खोल्या कुलूपबंद राहिल्या. लायसन्समुळे ती कुलपे काही प्रमाणात उघडली. नवागताला घर मिळणे हे जुन्या भाडेकरूच्या संरक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे. पण दर अकरा महिन्यांनी नवे घर, नवी अनामत, नवी शाळा, हे जगणे ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्या स्थैर्याची किंमत कोणी मोजली? एका टोकाला पन्नास रुपयांत पन्नास वर्षे, दुसऱ्या टोकाला अकरा महिन्यांची टांगती तलवार. कायद्याला मधला रस्ता सापडला नाही, हा त्याचा मुख्य दोष आहे.

उंबरठ्याच्या अलीकडे

याच देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा हे गाव आहे. संत चोखामेळा यांचे ते जन्मस्थान मानले जाते. मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. ज्या गावकुसाच्या आत ज्याला घर नव्हते, त्याचाच जीव ते गावकूस बांधताना गेला. घरांच्या प्रश्नावर बोलताना या तालुक्यातील कार्यकर्त्याला हे विसरता येत नाही.

भाडेनियंत्रणाचा कायदा घरात शिरलेल्या माणसाचा विचार करतो. दारातूनच परत पाठवलेल्या माणसाविषयी तो काही बोलत नाही. जात, धर्म किंवा आहार पाहून घर नाकारणाऱ्याला या कायद्यात कोठेही मनाई नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला वस्तीत राहण्यास अडथळा करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे खरे. पण आज कोणीही जातीचे नाव घेऊन नकार देत नाही. आडनाव ऐकल्यावर एवढेच सांगितले जाते की ‘घर कालच दिले गेले.’ या वाक्यावर गुन्हा नोंदवता येत नाही. भाड्याच्या दरापेक्षा या वाक्याने अधिक माणसांना गावाबाहेरच्या महागड्या, निकृष्ट खोल्यांकडे ढकलले आहे. भाडेकरूच्या संरक्षणाची मागणी करणाऱ्यांनी ती उंबरठ्याच्या अलीकडूनच सुरू केली पाहिजे.

राज्याने झटकलेली जबाबदारी

घरमालक आणि भाडेकरू यांचे भांडण सत्तर-ऐंशी वर्षे पेटते राहिले याचे कारण दोघांपैकी कोणाच्या स्वभावात नाही. घरे कमी होती आणि ती बांधण्याचे काम राज्याने पुरते अंगावर घेतले नाही. दुर्बळांना स्वस्त घर देणे हे समाजाचे कर्तव्य; पण त्याचा भार सरकारी तिजोरीऐवजी त्या-त्या घराच्या मालकावर टाकला गेला. मालकाने तो भार दुरुस्ती न करून, पागडी घेऊन, घर कुलूपबंद ठेवून आणि शेवटी लायसन्सचा आसरा घेऊन उतरवला.

विदर्भात एकेकाळी स्वतंत्र गृहनिर्माण मंडळ होते. १९७६ च्या कायद्यानुसार १९७७ मध्ये ते ‘म्हाडा’त विलीन झाले. सार्वजनिक गृहनिर्माणाचा भर पुढे मालकीहक्काने घरे विकण्यावर राहिला. भाड्याने देण्यासाठी घरे बांधून ती सांभाळण्याचे काम मागे पडले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने जादा जमीन घरांसाठी मिळेल ही आशाही फारशी फळली नाही, आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच सोडून दिला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अनुदानाची सोय झाली. पण तिला अट जागेच्या मालकीची. ज्याच्यापाशी जागाच नाही त्या भाड्याच्या खोलीतील कुटुंबाला त्या अनुदानाचा उपयोग काय?

२०२१ मध्ये केंद्र सरकारने एक नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला. त्यात भाडे दोघांच्या कराराने ठरावे, राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, वाद स्वतंत्र भाडे न्यायालयांनी लवकर निकालात काढावेत, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याने पहिले दोन महिने दुप्पट व नंतर चौपट भाडे द्यावे, अशा तरतुदी आहेत. अनामतीवरील मर्यादा आणि जलद निकाल स्वागतार्ह आहेत. परंतु करार दोघांच्या खुशीने होतो, हे गृहीत धरताना एक गोष्ट विसरली जाते. ज्याला आज रात्री मुलाबाळांसह कोठेतरी पाठ टेकायची आहे त्याची खुशी आणि ज्याच्या हातात किल्ली आहे त्याची खुशी यांना एका तराजूत घालता येत नाही.

कार्यकर्त्यांचे काम

मग भूमिका काय असावी? संरक्षण गरजेला मिळावे, केवळ जुनेपणाला मिळू नये. या दृष्टीने १९९९ च्या कायद्यात एक मोलाचे कलम आहे. मालकाने स्वतःच्या गरजेसाठी घर मागितले तर घर सोडण्याने भाडेकरूला होणारा त्रास आणि घर न मिळाल्याने मालकाला होणारा त्रास यांची तुलना न्यायालयाने करावयाची. दुसरी वाजवी जागा कोणाजवळ आहे हे पाहावयाचे, आणि घराचा काही भाग देऊन भागत असेल तर तेवढ्यापुरताच हुकूम करावयाचा. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यातून आलेली ही तुलना हाच या विषयातला समतेचा विचार आहे. बाजारातील विधवा आणि पत्र्याच्या खोलीतील मजूर या दोघांनाही न्याय देण्याची ताकद त्यात आहे. मात्र त्यासाठी निकाल वेळेवर लागला पाहिजे. एकच घर असलेल्या मालकाचे आणि एकच आसरा असलेल्या भाडेकरूचे दावे आधी चालावेत, ही मागणी पक्षाने लावून धरण्यासारखी आहे. तिच्या जोडीला दुसरी मागणी : प्रत्येक तालुक्याच्या गावी नगर परिषदेने किंवा गृहनिर्माण मंडळाने भाड्याने देण्यासाठी घरे बांधावीत आणि ती विकू नयेत.

मागण्या मंजूर होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. कायद्याच्या अनुसूचीत आपल्या गावाचे नाव पाहून घेणे, हे पहिले काम. त्यानंतर घरोघर जाऊन तीन प्रश्न विचारता येतील. भाड्याची पावती मिळते का? पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि मालक भाडे घेण्याचेच नाकारत असेल तर ते मनिऑर्डरने पाठवून पोच जपून ठेवावी. करार नोंदवलेला आहे का, आणि त्यात ‘भाडे’ लिहिले आहे की ‘लायसन्स’? सही करण्यापूर्वी तो एक शब्द वाचून घेतला तर पुढची दहा वर्षे वाचतात. वीज किंवा पाणी तोडले आहे का? ते तोडण्याचा अधिकार मालकाला नाही. न्यायालय ते पूर्ववत करून देऊ शकते. थकबाकीची नोटीस आली म्हणून कोणी घाबरून घर सोडू नये. नोटिशीपासून नव्वद दिवस दावा करता येत नाही, आणि समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी वार्षिक १५ टक्के व्याज आणि दाव्याच्या खर्चासह भरली तर त्या कारणावरून घर जात नाही.

हेच प्रश्न घेऊन छोट्या घरमालकाकडेही गेले पाहिजे. नोंदणी न केल्यास शिक्षा त्याला आहे आणि पुराव्याचा भारही त्याच्यावर आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. दोन खोल्यांचा मालक आणि एका खोलीचा भाडेकरू हे एकमेकांचे वर्गशत्रू नाहीत. दोघेही एकाच टंचाईचे बळी आहेत, आणि ती टंचाई ज्यांनी दूर करावयाची ते मुंबईत बसले आहेत.

आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेला देऊळगाव राजात दूरदूरची माणसे येतात. त्या दिवसांत गाव आपल्या ओसऱ्या आणि पडव्या पाहुण्यांसाठी मोकळ्या करते. कोणाला अनामत मागत नाही. चार दिवसांच्या वाटसरूला जे गाव छप्पर देऊ शकते, ते बारा महिने आपल्याबरोबर राबणाऱ्या माणसाला दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवायला लावते, याची बोचणी कार्यकर्त्याच्या मनात राहिली पाहिजे. ती बोचणी घेऊन येथून निघालेल्या प्रत्येकाने या आठवड्यात आपल्या आळीतील एका भाडेकरूची पावती आणि एका घरमालकाचा करार डोळ्यांखालून घातला, तर या सभेचे सार्थक झाले.